डॉकिंगचा स्कोअर भारी, प्रयोगात भोपळा: चुकतंय कुठे?

अडलेला_रेणू | ३ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. एका जिवाणूचं एन्झाइम अडवणारा रेणू शोधायचाय. एन्झाइमची स्फटिकरचना प्रोटीन डेटा बँकेत आहे, १.९ अँगस्ट्रॉम स्पष्टतेची, म्हणजे चांगलीच. ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर वापरून तीन लाख रेणू त्याच्या खोबणीत बसवून पाहिले आणि स्कोअरप्रमाणे क्रम लावला. वरचे पस्तीस मागवले. यादी चाळताना आमच्या मॅडमनी खालच्या पाचांवर बोट ठेवलं, "हेही घे", म्हणून ते पाच. एकूण चाळीस.

पहिल्या नंबरच्या पठ्ठ्याचा स्कोअर -११.२ (जितका जास्त उणे, तितका चांगला). व्हिना हा आकडा किलोकॅलरी प्रति मोलमध्ये देतं. सूत्रात घातला तर साधारण ६ नॅनोमोलरची पकड निघते (आकडा छोटा तितकी पकड घट्ट; हजार नॅनोमोलर म्हणजे एक मायक्रोमोलर). मी मनातल्या मनात प्रबंधाचं प्रकरण लिहूनसुद्धा टाकलं.

प्रयोगात तो १०० मायक्रोमोलरलाही ढिम्म. चाळीसांपैकी अडतीस ढिम्म. दोघांनीच काहीतरी केलं. बावीस नंबरवाला (स्कोअर -१०.६) ८ मायक्रोमोलरला एन्झाइम निम्मं बंद पाडतो, त्यामुळे सगळे खूश आहेत. दुसरा मॅडमच्या पाचांपैकी, अडतीस नंबर, स्कोअर फक्त -७.९. तो १०० मायक्रोमोलरला साधारण साठ टक्के अडवतो.

प्रश्न असा: स्कोअर जर पकडीची ताकद सांगत नसेल, तर तो नक्की काय सांगतो? आणि मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

मितभाषी | ३ मार्च, रात्री १०:३१

चाळीसात दोन म्हणजे वाईट नाही.

बोरू | ३ मार्च, रात्री १०:४४

रसायनशास्त्राशी माझा शेवटचा संबंध दहावीच्या परीक्षेत आला आणि तोही सौहार्दाचा नव्हता. पण धागा रोचक वाटतोय. खोबण, बसवणं, पकड हे जरा आमच्यासारख्यांना कळेल असं सांगाल का कुणी?

शेपूट | ३ मार्च, रात्री ११:२०

@बोरू, प्रयत्न करतो. प्रथिन म्हणजे घडी घातलेली लांबलचक साखळी. घडीमुळे तिच्यावर खाचाखोचा तयार होतात. एन्झाइमचं काम अशाच एखाद्या खोबणीत चालतं. आपला रेणू त्या खोबणीत जाऊन बसला की काम ठप्प. एमिल फिशरने १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. १९५८ मध्ये कोशलँडने म्हटलं की कुलूप इतकं ताठ नसतं, किल्ली आत शिरताना तेही आकार बदलतं. हातमोजा हात घातल्यावरच हातासारखा दिसतो, तसं. डॉकिंग म्हणजे संगणकाने लाखो किल्ल्या कुलपात वेगवेगळ्या कोनांतून घालून बघणं आणि प्रत्येकीला गुण देणं. कुंट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये असा पहिला प्रोग्रॅम केला, त्याचं नावच 'डॉक'.

पण रचना हातात नसतानाही रचनेवरून विचार करता येतो. कॅप्टोप्रिल, रक्तदाबाचं औषध, १९८१ मध्ये मंजूर झालं. एका ब्राझिलियन सापाच्या विषातले पेप्टाइड एसीई हे एन्झाइम अडवतात, इतकं माहीत होतं. एसीईची रचना कुणी पाहिलेली नव्हती. ओंडेट्टी आणि कुशमन यांनी तर्क केला की यात जस्ताचा अणू आहे, म्हणजे हे कार्बॉक्सीपेप्टिडेझ ए-सारखं असणार, आणि त्याची रचना ठाऊक होती. त्यावरून त्यांनी कागदावर खोबण काढली. प्रोलिनला एक आम्लगट जोडला, तो जस्ताला जेमतेम धरत होता. त्या जागी थायोल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचा गट लावला आणि ताकद एकदम हजारेक पटीने वाढली.

गंमत पुढे आहे. एसीईची खरी रचना २००३ मध्ये आली आणि कळलं की ज्याला भावंड मानून चित्र काढलं ते फारसं भावंडच नव्हतं. जस्ताची बाजू तेवढी बरोबर निघाली. तेवढ्यावर औषध झालं.

बोरू | ३ मार्च, रात्री ११:२९

कळलं! म्हणजे चुकीच्या घराचा नकाशा बघून बरोबर दार उघडलं. धन्यवाद शेपूटराव.

दुपारची_झोप | ३ मार्च, रात्री ११:३५

आम्ही बरोबर नकाशा घेऊनही चुकीच्या घरी जातो. (ह.घ्या.)

उद्धटराव | ४ मार्च, सकाळी ८:०५

अजून व्हिना? २०१० चं सॉफ्टवेअर आहे ते, भाऊ. अल्फाफोल्ड या एआयने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचना फुकट मांडून ठेवल्यात, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल निम्मं त्यावर आणि निम्मं प्रथिनं घडवणाऱ्या बेकरना गेलंय, आणि आपण इथे १९८२ च्या गोष्टी सांगत बसलोय. डीप लर्निंगवाली डॉकिंगची साधनं वापर. प्रश्न मिटला.

जुनी_चाळण | ४ मार्च, सकाळी ९:५०

प्रश्न मिटत नाही, उद्धटराव. जागा बदलतो. त्यावर नंतर येतो, आधी धागाकर्त्याच्या प्रश्नाचं बघू.

अडलेल्या रेणू, तुझा स्कोअर मोजमाप नाही. ती चाळणी आहे. चाळणीतून खाली काय पडलं ते चाळणी सांगते, वर राहिलेल्यातलं मोती कुठलं आणि खडा कुठला ते नाही.

आकड्यांतच बघ. २५ अंशांना १.३६ किलोकॅलरी म्हणजे पकडीत दहापट फरक. डॉकिंगची स्कोअरिंग फंक्शन्स, म्हणजे स्कोअर काढणारी सूत्रं, सहज दोन-तीन किलोकॅलरी चुकतात. दोन चुकली की तीसपट, तीन चुकली की दीडशेपट. तू -११.२ मधला दशांशानंतरचा २ सुद्धा खरा धरून चाललास.

ती चुकतात का? तीन लाख रेणू दोन-तीन दिवसांत उरकायचे तर प्रत्येकाला काही सेकंदच मिळतात. त्या सेकंदांत पाण्याचा हिशोब उडतो. खोबणीत आधी पाणी बसलेलं असतं, रेणूभोवतीही असतं, दोघांनी ते सोडल्याशिवाय एकमेकांना धरता येत नाही. या सोडण्याची किंमत बरेचदा मिळकतीइतकीच असते, आणि डॉकिंग दोन मोठ्या आकड्यांमधला छोटा फरक अंदाजाने काढतं. प्रथिन ताठ धरलं जातं. रेणूची वळवळ आवळल्याची किंमत 'फिरणारे बंध इतके, भागिले इतके' अशी ढोबळ लावतात.

वर एक जुना रोग. जितके अणू जास्त तितके स्पर्श जास्त, तितका स्कोअर चांगला. तुझे वरचे पस्तीस काढून त्यांचे रेणुभार बघ. पैज लावतो, निम्म्याहून जास्त ५०० च्या वर असतील. नाकापेक्षा मोती जड! १९९९ मध्ये कुंट्झ मंडळींनीच दाखवलं होतं की पकड दर अणूमागे फार तर दीड किलोकॅलरीने वाढते आणि पंधराएक अणूंनंतर वाढ जवळपास थांबते. स्कोअर मात्र चढतच राहतो.

बाकी तुमच्या मॅडमना माझा दंडवत. त्या पाचांवर बोट का ठेवलं, ते विचार त्यांना.

मितभाषी | ४ मार्च, सकाळी ९:५८

+१

परीक्षानळी | ४ मार्च, दुपारी १:१५

माझा संगणकाशी संबंध प्लेट रीडरपुरता. एकच प्रश्न: बावीस नंबरच्या प्रयोगात डिटर्जंट घातला होता का?

अडलेला_रेणू | ४ मार्च, दुपारी १:४०

नाही. बफर, मीठ, रेणू विरघळवायला डीएमएसओ एक टक्का, बस. का?

परीक्षानळी | ४ मार्च, दुपारी २:०५

मग अजून खूश होऊ नका.

मोठे, तेलकट, पाण्यात नीट न विरघळणारे रेणू काही मायक्रोमोलरच्या पुढे गेले की एकमेकांना चिकटून बारीक गोळे करतात, कलिलासारखे. डोळ्याला द्रावण स्वच्छ दिसतं. एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटतं आणि बंद पडतं. तुमच्या खोबणीचा त्यात काडीचाही संबंध नसतो. तोच रेणू दुसऱ्या कुठल्याही एन्झाइमला तितकाच 'अडवतो'. शोइकेट यांच्या गटाने २००२ च्या सुमारास हे खणून काढलं, तोवर कित्येकांनी त्यावर पेपर लिहून झाले होते.

उपाय दहा मिनिटांचा आहे. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून प्रयोग पुन्हा करा. असर नाहीसा झाला तर गोळे होते. आणि आलेखाचा उतार बघा. प्रमाण जरा वाढवल्याबरोबर आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा खाली येत असेल तर शंका आणखी पक्की.

मी स्वतः एका रेणूमागे चार महिने घालवलेत. तो स्वतःच चमकत होता. मी मोजत होते ते एन्झाइमचं काम नव्हतंच, रेणूची चमक होती. असल्या फसव्या गटांची यादी बेल आणि हॉलोवे यांनी २०१० मध्ये केली आहे, ती चाळणी आधीच लावली असती तर चार महिने वाचले असते.

अडलेला_रेणू | ४ मार्च, दुपारी २:१२

बावीस नंबरचा रेणुभार ५६८ आहे. लॉग पी, म्हणजे तेलकटपणाचा आकडा, ६.१.

परीक्षानळी | ४ मार्च, दुपारी २:१४

:(

दुपारची_झोप | ४ मार्च, दुपारी २:३०

बावीस नंबरला भावपूर्ण श्रद्धांजली.

स्फटिकवेडी | ४ मार्च, रात्री ९:४०

सगळे स्कोअरच्या मागे लागलेत, रचनेला कुणी काही विचारतच नाही. १.९ अँगस्ट्रॉम 'म्हणजे चांगलीच' हे वाचून स्फटिकवाली म्हणून दोन शब्द लिहायलाच हवेत.

आम्ही अणू बघत नाही, आम्हाला इलेक्ट्रॉनांचा ढग दिसतो. त्या ढगात आम्ही अणू बसवतो, म्हणजे तुम्ही डाउनलोड करता ती फाइल आमचं मत असतं. १.९ ला हायड्रोजन दिसत नाहीत. अॅस्पराजिन आणि ग्लुटामिन या अमिनो आम्लांच्या टोकाला नायट्रोजन कुठला आणि ऑक्सिजन कुठला हे ढगावरून ठरत नाही, शेजार बघून ठरवावं लागतं. हिस्टिडिनवर हायड्रोजन या टोकाला, त्या टोकाला की दोन्हीकडे, हाही अंदाजच. खोबणीतला एक हिस्टिडिन उलटा बसला असेल तर जिथे खरा रेणू हायड्रोजन बंध धरणार तिथे तुमचं सॉफ्टवेअर त्याला ढकलून लावतं.

मग पाणी. डॉकिंगवाले पहिल्या पायरीला सगळी पाणी पुसून टाकतात, झाडू मारल्यासारखी. पण काही पाणी प्रथिनाचाच भाग असल्यासारखी असतात. एचआयव्ही प्रोटिएझच्या दोन झडपांमध्ये एक पाण्याचा रेणू असतो. तो झडपांना आणि औषधाला एकाच वेळी धरून ठेवतो. १९९४ मध्ये ड्यूपॉन्ट मर्कच्या लोकांनी त्या पाण्याची जागा घेणारा ऑक्सिजन आधीपासूनच बसवलेला कड्यासारखा रेणू रचला, सायक्लिक युरिया. प्रथिनाला सममिती, म्हणून रेणूलाही सममिती. आजही ते चित्र बघून जीव सुखावतो.

तर अडलेल्या रेणू, त्याच एन्झाइमच्या आणखी रचना डेटा बँकेत असतील तर एकावर एक ठेव. जे पाणी सगळ्यांत त्याच जागी दिसतं ते पुसू नकोस.

आणि खोबणीत आधी काय होतं? स्फटिक वाढवताना घातलेलं ग्लिसरॉल किंवा पीईजीचा तुकडा तिथे बसलेला मी कित्येकदा पाहिलाय. खोबण त्याच्या मापाची झालेली असते.

जुनी_चाळण | ४ मार्च, रात्री १०:१५

सायक्लिक युरियाचं पुढचं सांग ना ताई. त्यातला एकही औषध झाला नाही. पोटातून रक्तात नीट, भरवशाने पोचेनात. खोबणीत फिट्ट, माणसात नाही. खोबणीच्या चित्रात आतडं नसतं, यकृत नसतं, अडली की हृदयाचा ठोका बिघडवणारी आयन-वाहिनीही नसते.

स्फटिकवेडी | ४ मार्च, रात्री १०:२२

मान्य. पण त्याच प्रोटिएझच्या रचना १९८९ मध्ये आल्या आणि १९९५ च्या डिसेंबरात साक्विनाविर मंजूर झालं, पुढच्या मार्चमध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर. सहा-सात वर्षांत. तुमच्या चाळण्यांनी इतक्या लवकर काही दिलंय का, जुनीचाळणकाका?

जुनी_चाळण | ४ मार्च, रात्री १०:२५

काका म्हटल्यावर वाद घालायची सोय राहिली नाही. :)

एक कबुली देतो, नव्या लोकांच्या कामाला यावी. पंधरा वर्षांपूर्वी एका कंपनीत होतो, तिथे एका जस्तवाल्या एन्झाइमवर वीस लाख रेणूंची आभासी छाननी केली. वरचे दीडशे विकत आणले. एकही चालला नाही. दोन महिने बैठका झाल्या, प्रयोगवाल्यांवर खापर फोडून झालं, लायब्ररी बदलायची टिपणं निघाली. मग एका नव्या मुलीने, तिला येऊन आठवडाही झाला नव्हता, डॉकिंगला दिलेली फाइल उघडून स्क्रीनवर फिरवली आणि विचारलं, "यात जस्त कुठंय?"

प्रथिन तयार करणाऱ्या आमच्या स्क्रिप्टमध्ये 'पाणी आणि बाकीचे परके अणू काढा' अशी एक ओळ होती. परक्यात जस्तही गेलं. वीस लाख किल्ल्या आम्ही लिव्हर काढलेल्या कुलपात घालून पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकीला दोन दशांशांपर्यंत गुण दिले होते.

तेव्हापासून माझा नियम: पहिल्या शंभर पोज, म्हणजे रेणूंच्या खोबणीत बसण्याच्या ढबी, मी स्वतः डोळ्यांनी बघतो. रेणू वाकवून वाकवून बसवलाय का, हायड्रोजन बंधाचा हात हवेत लोंबकळतोय का, तेलकट बाजू बाहेर पाण्यात आलीय का. याला स्कोअर नाही, सवय आहे.

बोरू | ४ मार्च, रात्री १०:४०

'यात जस्त कुठंय?' हे वाक्य आजपासून आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक बैठकीत वापरणार.

उद्धटराव | ५ मार्च, सकाळी ७:५५

माझा मुद्दा राहिलाच. लोक म्हणतात अल्फाफोल्डच्या रचना डॉकिंगला निरुपयोगी. २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेलं काम बघा. सिग्मा-२ आणि ५-एचटी२ए या दोन रिसेप्टरांवर अल्फाफोल्डच्या रचनेवर आणि प्रयोगातून आलेल्या रचनेवर वेगवेगळं प्रचंड डॉकिंग केलं, रेणू बनवून तपासले. दोन्हीकडे यशाचं प्रमाण सारखंच निघालं.

जुनी_चाळण | ५ मार्च, सकाळी ९:३०

वाचलंय, आणि चांगलं काम आहे. त्यातच हेही आहे की आधीपासून माहीत असलेले रेणू ओळखायला लावले तेव्हा अल्फाफोल्डची रचना मागे पडली होती. म्हणजे परीक्षेत नापास आणि नोकरीत पास. मला वाटतं यातून रचनेपेक्षा परीक्षांबद्दलच जास्त कळतं.

गतिमान | ५ मार्च, सकाळी १०:१०

परीक्षांचा विषय निघालाच आहे म्हणून. डॉकिंगच्या पद्धती तपासायला खऱ्या रेणूंबरोबर खोटे, म्हणजे तोतये रेणू मिसळून देतात. डीयूडी-ई हा २०१२ चा असा प्रसिद्ध संच, त्यात १०२ प्रथिनं आहेत. त्यावर डीप लर्निंगची मॉडेल्स झकास गुण मिळवायची. २०१९ मध्ये एका गटाने प्रथिनच काढून टाकलं आणि मॉडेलला फक्त रेणू दाखवले. गुण जवळपास तेच! मॉडेल कुलपाकडे बघतच नव्हतं. तोतये कसे दिसतात तेवढं पाठ केलं होतं.

नंतरच्या साधनांनाही 'पोझबस्टर्स' या तपासणीने पकडलं: रेणू जागेवर दिसतो, पण जवळून बघावं तर बेंझिनचं कडं वाकडं किंवा अणू प्रथिनात घुसलेला. उद्धटराव, मी स्वतः ही साधनं वापरतो. पण तपासणी चालवल्याशिवाय नाही.

उद्धटराव | ५ मार्च, सकाळी १०:१८

प्रथिनाशिवायही तेच गुण, हे माहीत नव्हतं. वाचतो.

दुपारची_झोप | ५ मार्च, सकाळी १०:२०

उद्धटरावांनी 'माहीत नव्हतं' म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गतिमान | ५ मार्च, दुपारी १२:००

मूळ प्रश्नाकडे. 'खटाटोप कशासाठी' याला माझं उत्तर: डॉकिंगच्या पुढच्या पायऱ्यांसाठी. वरचे दोनशे घ्या, प्रथिनाला पाण्यात हलू द्या, काही दहा नॅनोसेकंद. ज्या पोज खऱ्या नसतात त्यातल्या बऱ्याच तिथेच विस्कटतात. मग एकाच कुटुंबातल्या रेणूंची तुलना करायची असेल, क्लोरीन लावू की मिथाइल, तर मुक्त ऊर्जेची गणितं आहेत. त्यामागचं सूत्र झ्वांझिगचं, १९५४ चं. संगणक त्याच्या लायकीचे व्हायला पन्नासेक वर्षं लागली. रचना चांगली असेल आणि नशीब असेल तर चूक एक किलोकॅलरीच्या आसपास येते. वेळ मात्र रेणूमागे तासांचा लागतो, सेकंदांचा नाही.

आणि प्रथिन हलतं हे विसरू नका. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध बघा. इन्फ्लुएंझाच्या न्यूरामिनिडेझमध्ये २७६ नंबरचा ग्लुटामेट बाजूला वळतो तेव्हाच त्याच्या तेलकट शेपटीला जागा होते. झानामिविर हे फ्लूचंच दुसरं औषध बसलेल्या ताठ रचनेत ती जागा दिसतच नाही. केआरएएस हे कर्करोगाशी जोडलेलं प्रथिन तर त्याहून वरचं, वर्षानुवर्षं 'यात खोबणच नाही' म्हणत होते. २०१३ मध्ये एक खोबण सापडली, ती रेणू आत शिरल्यावरच उघडते. त्या वाटेने २०२१ मध्ये सोटोरासिब हे औषध आलं.

शेपूट | ५ मार्च, दुपारी १२:३५

झानामिविरचा उल्लेख आलाय तर राहवत नाही. खोबणीत प्रोग्रॅमने दाखवलं की अमुक जागी धन प्रभार असेल तर छान बसेल. त्या जागच्या ऑक्सिजनऐवजी अमिनो गट लावला, पकड शंभरेक पटीने वाढली. मग त्याहून मोठा ग्वानिडिनो गट लावला, आणखी दोनशेपट. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं, १९९९ मध्ये औषध. लाख रेणू चाळलेच नाहीत. एक रेणू, एक खोबण, आणि 'इथे काय लावू' हा एक प्रश्न.

मितभाषी | ५ मार्च, दुपारी १:०२

हे धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य.

दुपारची_झोप | ५ मार्च, दुपारी १:१०

मितभाषींनी पाच शब्द लिहिले, संपादकांनी दखल घ्यावी.

परीक्षानळी | ५ मार्च, दुपारी ४:२०

थोडं कडू बोलू का? २०२० मध्ये कोरोनाच्या मुख्य प्रोटिएझची रचना आली आणि महिन्याभरात 'डॉकिंगने सापडलेल्या' उपायांचा पूर आला. जुनी औषधं, वनस्पतींतले रेणू, क्वेर्सेटिन, कर्क्युमिन, जे हाताला लागेल ते. स्कोअर -९, रंगीत चित्र, निष्कर्ष 'आशादायक'. प्रयोग शून्य. माझ्याकडेही असले तीन पेपर परीक्षणाला आले होते, त्यातल्या एकात डॉकिंगने जिथे शोधायचं ती पेटी खोबणीबाहेरच बसवली होती. मी तसं लिहून परत पाठवला. तो दुसरीकडे जसाच्या तसा छापून आला, पेटीसकट.

जुनी_चाळण | ५ मार्च, संध्याकाळी ६:००

आणि त्याच प्रोटिएझवर एन्सिट्रेल्विर हे औषधही आलं. शिओनोगीच्या लोकांनी आभासी छाननीने सुरुवात केली, मग प्रयोगात तपासलं, मग रचना बघत बघत रेणू सुधारला. २०२२ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणीबाणीची मंजुरी मिळाली. पद्धत तीच. फरक 'मग' या शब्दाचा आहे, त्यांच्याकडे दोन होते.

बोरू | ५ मार्च, संध्याकाळी ६:३०

एक बाळबोध शंका. लाखाऐवजी कोटी रेणू चाळले तर? जास्त किल्ल्या, जास्त शक्यता?

गतिमान | ५ मार्च, रात्री ८:४५

बाळबोध अजिबात नाही, बोरू. २०१९ मध्ये हेच झालं. डी४ डोपामिन रिसेप्टरवर १३ कोटी ८० लाख रेणू चाळले. ते कपाटात नव्हतेच, मागितले तर बनवून मिळतील असे होते. त्यांनी मग ५४९ बनवून घेतले आणि मुद्दाम वरचे, मधले, खालचे असे सगळ्या थरांतले घेतले. स्कोअर जसा घसरतो तसं यशाचं प्रमाणही घसरत जातं हे त्यातून दिसलं. एक रेणू तर १८० पिकोमोलरचा, म्हणजे एका नॅनोमोलरच्याही खालचा निघाला.

म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे: एका रेणूबद्दल स्कोअर फारसं सांगत नाही, गर्दीबद्दल बरंच सांगतो.

अडलेला_रेणू | ५ मार्च, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. मॅडमना विचारलं, अडतीस नंबर का घेतला म्हणून. त्या म्हणाल्या, "छोटा आहे आणि सगळे हात कामात आहेत." इतकंच. ट्रायटन मागवलंय. कळवतो.

अडलेला_रेणू | २८ मार्च, रात्री ११:०५

धागा वर काढतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

१. बावीस नंबर गेला. ट्रायटन घातल्याबरोबर एन्झाइम ठणठणीत.

२. वरच्या पस्तीसांपैकी सव्वीसांचा रेणुभार ५०० च्या वर. जुनीचाळणसर, पैज जिंकलात.

३. अडतीस नंबर ट्रायटनमध्येही टिकला. पूर्ण आलेख काढला, ६० मायक्रोमोलरच्या आसपास येतोय. उतार सरळ, उडीबिडी नाही.

४. त्याच एन्झाइमच्या अजून चार रचना मिळाल्या. खोबणीच्या तळाशी एक पाणी पाचही रचनांत त्याच जागी आहे. मी ते पुसलं होतं. ठेवून परत डॉकिंग केलं तर अडतीस नंबर यादीत बराच वर आला. पण खरं सांगतो, मेलेल्यांतले तीनही वर आले.

६० मायक्रोमोलर म्हणजे सरळ कचरा ना? मॅडम खूश का आहेत ते मला कळत नाही.

जुनी_चाळण | २९ मार्च, सकाळी ८:४०

किती अणू आहेत, हायड्रोजन सोडून?

अडलेला_रेणू | २९ मार्च, सकाळी ८:५२

सतरा.

जुनी_चाळण | २९ मार्च, सकाळी ९:१०

मग हिशोब कर. ६० मायक्रोमोलर ही पकड धरली तर साधारण ५.७ किलोकॅलरी. भागिले सतरा, अणूमागे ०.३४ च्या आसपास. तुझ्या -११.२ वाल्याला चव्वेचाळीसेक अणू असतील, म्हणजे त्याचा स्कोअर खरा निघाला असता तरी अणूमागे पाव किलोकॅलरी. ०.३ च्या वर असलं की आम्ही पुढे जातो. सतरा अणूंचा रेणू वाढवायला जागा असते, चव्वेचाळीसचा कापावा लागतो. मॅडम बरोबर खूश आहेत.

स्फटिकवेडी | २९ मार्च, सकाळी ९:३५

वाढवायचा कुठल्या बाजूला ते डॉकिंगच्या पोजवरून ठरवू नकोस. स्फटिक आहेत ना तुमच्याकडे? रेणू त्यात भिजव आणि ढग बघ. ६० मायक्रोमोलरला दिसायला हवा, प्रमाण भरपूर ठेव, १० मिलिमोलर तरी. डीएमएसओ किती सहन करतात?

अडलेला_रेणू | २९ मार्च, दुपारी ३:२०

आत्ताच दहा टक्क्यांत टाकून पाहिले. भेगा पडल्या.

स्फटिकवेडी | २९ मार्च, दुपारी ३:२६

पाचला उतर. आणि दोन तासांनी नाही, दहा मिनिटांनी काढून बघ.